काशीरामचा ढोल आणि गुणाबाईचा धवला

चौदा वर्षं माझ्या पाठीत एक ढोल वाजला. गावदेवी ब्रास बँडमध्ये मी क्लॅरनेट वाजवायचो, आणि आमच्या उभं राहायच्या पद्धतीत क्लॅरनेटच्या मागे मोठा ढोल यायचा. ढोलामागे काशीराम. त्यामुळे त्याच्याबद्दल लिहायचा हक्क गावात कुणाला असलाच तर तो मलाच आहे, असं माझं ठाम मत आहे. आमचे बँडमास्तर दाजी हयात असते तर त्यांनी यावर वाद घातला असता, पण त्यांनी प्रत्येकच गोष्टीवर वाद घातला असता.

आमचं गाव पनवेलच्या खाडीला चिकटलेलं. पुढे मिठागरं, मागे भाताची खाचरं. सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर दाजी मुंबईची गिरणी सोडून गावी आले, ते छातीत खोकला आणि काखेत कॉर्नेट घेऊन. गिरणीतल्या लोकांच्या बँडमध्ये ते वाजवायचे. गावी येऊन गप्प बसायचं तर त्यांना ते जमेना. त्यांनी आम्हा नऊ जणांना धरलं. मीठ उतरवून मुंबईहून रिकामा परतणारा मचवा एकदा रिकामा आला नाही, त्यात आमची सेकंडहँड वाद्यं होती. सगळ्यांत शेवटी ढोल उतरला. एवढा मोठा, की बंदरावरच्या बायका बाजूला झाल्या.

तो कुणाला द्यायचा हे दाजींनी आधीच ठरवलं होतं. मिठागराचा हंगाम सुरू व्हायच्या आधी वाफ्यांचा तळ पायांनी चोपून घट्ट करावा लागतो. दहा-पंधरा माणसं एका रांगेत उभी राहून एका तालात टाचा हाणत पुढे सरकतात. एकाचा पाय चुकला की सगळी रांग विस्कटते. काशीराम रांगेच्या टोकाला असायचा आणि सकाळपासून उन्हं कलेपर्यंत त्याची टाच एकदाही मागेपुढे व्हायची नाही. दाजी बांधावर बसून दोन दिवस नुसते त्याच्या पायांकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ढोल याचा.

काशीराम बुटका, रुंद आणि अबोल. चारचौघांत त्याला काही विचारलं तर उत्तर द्यायच्या आधी तो बायकोकडे, हौसाकडे बघायचा. पण ढोलाचा पट्टा गळ्यात अडकवला की हाच माणूस असा ताठ उभा राहायचा, की मला हेवा वाटायचा. मी वर्षभर फुंकून ओठ सोलून घेतले तेव्हा कुठे माझ्या क्लॅरनेटमधून सूर निघाला, आणि हा पहिल्या दिवशी उभा राहिला आणि बँड झाला. हे मी त्याला कधीच सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता धवल्याचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या आगरी लग्नात धवलारीण असते. धवलारीण म्हणजे लग्न लावणारी बाई. हळद असो, मांडव असो, ती धवला गायल्याशिवाय एकही विधी पुढे सरकत नाही. धवला म्हणजे त्या त्या विधीचं गाणं, आणि त्यात ती त्या घरच्या माणसांची नावं गुंफते. देव झाले की पूर्वज, मग मावशी, मामा, आणि मुलीच्या हळदीला तिचा बाप. आमच्या पंचक्रोशीत धवलारीण एकच, गुणाबाई. उंच, काळीसावळी, नाकावर राग. तिचा आवाज ऐकला की मांडवातली रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हायची. यातला काही भाग आवाजाला आणि काही भाग तिच्या डोळ्यांना घाबरून.

आमच्या बँडच्या पहिल्याच लग्नात तिनं दाजींना बोलावून नियम सांगितला होता. मी तोंड उघडलं की तुमचं बंद, आणि माझा धवला संपल्यावर पहिला ठोका ढोलाचा. दाजींनी चक्क वाद घातला नाही. तेव्हापासून ही जबाबदारी काशीरामची. गुणाबाईनं श्वास घेतला की तो दोन ठोके द्यायचा, आम्ही थांबायचो. दुसऱ्या गावचे बँड धवलारणीच्या उरावर वाजवायचे. आमच्या बँडला लांबलांबून बोलावणी यायची ती आमच्या वाजवण्यापेक्षा आमच्या थांबण्यासाठी, असं दाजी स्वतःच चिडून म्हणायचे.

एकदा आम्ही पळस्प्याहून लग्न करून चालत येत होतो. ढोल बैलगाडीत, आम्ही गाडीमागे. काशीराम स्वतःहून बोलला, म्हणून मला ते लक्षात राहिलं. त्याला एकच मुलगी, वेणू. तिच्याआधीची दोन मुलं गेलेली. तो म्हणाला, "वेनूच्या हलदीला मी ढोल नाय वाजवाचा, दया. त्या दिसाला मी बसाचा. गुनाबाय माजा नाव घेल तो मना आयकाचा हाय. शंभर बापांची नावा आयकली मी. सगली उभ्यानी आयकली."

मी हसून म्हणालो, ढोल मग कोण वाजवणार, मी? तो हसला नाही. त्यानं बहुतेक तेव्हापासूनच दिवस मोजायला घेतले होते.

मग त्याचे कान जायला लागले.

कधी सुरुवात झाली ते सांगता येणार नाही. एकोणसाठ साली मी त्याच्या डाव्या बाजूनं हाक मारली की तो वळायचा नाही, हे मला आठवतं. मला वाटलं, माणूस चढला. नाव झालं ना ढोलवाल्याचं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललोसुद्धा नाही, आणि गंमत म्हणजे त्याला ते कळलंही नाही. पुढे हौसानं त्याला ओढून पनवेलला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले आणि विचारलं, काम काय करता. मिठागरात, असं तो म्हणाला. हौसानं खरं ते सांगितलं. डॉक्टर म्हणाले, आजपासून ढोल बंद केलात तर आहे ते टिकेल. नाही केलात तर दोन-तीन वर्षं.

हौसा त्या दिवशी बंदरापासून घरापर्यंत त्याच्याशी भांडत आली. तिचं म्हणणं सरळ होतं. पोरीचं लग्न दोन-तीन वर्षांत होईलच, तेवढे दिवस ढोल खाली ठेव, तुझीच हौस आहे ना नाव ऐकायची? दुसऱ्या दिवशी लग्न होतं, काशीराम ढोल घेऊन आला. हौसानं मला हे सगळं बऱ्याच वर्षांनी सांगितलं. त्यानं तिला रात्री एवढंच म्हटलं होतं की ढोल सोडला तर मिठागरातल्या रांगेतला मी एक पाय, त्याहून कोण?

मला त्याचा राग येतो, अजूनही येतो. एखाद्याला एक गोष्ट हवी असते आणि तो स्वतःच्या हातांनीच ती रोज थोडी थोडी घालवतो. पण मग मला त्याचं ते ताठ उभं राहणं आठवतं आणि राग तसाच अर्ध्यावर राहतो.

कान गेले तरी त्याचा ठोका चुकला नाही, हे लिहून ठेवायलाच हवं. तो दाजींचे गाल बघायचा. गाल फुगले की सूर सुरू, गाल बसले की संपला. आणि थांबण्यासाठी गुणाबाईचे ओठ. इथेच घोटाळा झाला. एका वरातीत आम्ही रंगात वाजवत होतो, बायका नाचत होत्या, आणि काशीरामनं एकाएकी दोन ठोके दिले. बँड गप्प. सगळे गुणाबाईकडे बघायला लागले. ती बिचारी विडा तोंडात टाकत होती. आ वासलेल्या तोंडानं ती सगळ्यांकडे बघत राहिली. लोक हसून हसून लोळले. काशीरामही हसला, पण मी त्याच्यापुढेच उभा होतो, मागे वळून त्याचे डोळे मी बघितले.

त्या दिवशी मला कळलं. त्यानंतर मी एक युक्ती काढली. गुणाबाई गाणार असं दिसलं की मी क्लॅरनेट जरासं बाजूला काढून त्याचं तोंड खाली करायचो, आणि तो ते बघून दोन ठोके द्यायचा. आमच्यात यावर एक शब्दही बोलणं झालं नाही. मला वाटायचं, हे गुपित फक्त माझ्याकडे आहे. पुढे कळलं की ताशेवाला त्याच्यासाठी डावा खांदा उडवायचा आणि दाजी मुद्दाम गाल नको इतके फुगवायचे. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच ठाऊक आहे. बँडमधल्या नऊजणांनी एका माणसाचं गुपित आठजणांपासून लपवून ठेवलं होतं.

एकसष्ट सालच्या वैशाखात खाडीपलीकडच्या एका गावात लग्न होतं. हळद लागत होती. आमचा बँड मांडवाच्या कडेला वाजत होता. त्या गावचा माझा एक लांबचा मावसभाऊ मला भेटला आणि विचारायला लागला की जेवायला बसायचं कुठे. मी वाजवता वाजवता मान वळवून त्याला डोळ्यांनी खुणा करत होतो. वड्यांचा वास सुटला होता, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात गुणाबाईनं धवला सुरू केला, आणि ती आमच्याकडे पाठ करून उभी होती.

मी क्लॅरनेट खाली केलं नाही. ताशेवाल्याचा खांदा माझ्याआड गेला होता. दाजी थांबले, एकेक करत सगळे थांबले, आणि काशीरामचा ढोल एकटाच वाजत राहिला. गुणाबाईच्या आवाजावर धाडधाड. तो खाली बघत होता, त्या दिवशी त्याच्या ढोलाची दोरी सैल झाली होती. मी वळून त्याचा हात धरला तोवर सात-आठ ठोके पडून गेले होते.

गुणाबाई गप्प झाली. अर्धा धवला. नवरी पाटावर, अंगाला अर्धी हळद, आणि धवलारीण मांडव सोडून बाहेर निघाली. धवला अर्धवट राहणं म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळणार नाही. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. चार जाणती माणसं तिच्या मागे धावली, हातापाया पडली, तेव्हा ती परत आली. तिनं धवला पुन्हा पहिल्यापासून गायला. पण त्याआधी ती काशीरामसमोर येऊन उभी राहिली.

"माज्या धवल्यावर ढोल घातलास तू," ती म्हणाली. "तुज्या दारात मी धवला बोलाची नाय. पोरीला दुसरी धवलारीन बघ."

तिचे ओठ त्याला स्वच्छ दिसत होते. त्याला एकेक शब्द कळला. आणि तो काय करू शकत होता? एक वाक्य बोलला असता तर तिचा राग तिथेच उतरला असता. पण ते वाक्य बोलला की उद्यापासून ढोल दुसऱ्याच्या गळ्यात. त्यानं मान खाली घातली आणि चूक कबूल केली. लोकांना वाटलं, प्यायला असेल. काशीराम आयुष्यात कधी प्यायला नव्हता.

आणि मी? मी तिथे उभा होतो. माझ्यामुळे झालं हे मला माहीत होतं. मी नंतर ते वडेसुद्धा खाल्ले. आजही हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

त्याच पावसाळ्यात वेणूचं लग्न ठरलं. मुलगा उरणकडचा, मिठागरातलाच, चांगला होता. लग्न पुढच्या चैत्रात. हौसा गुणाबाईकडे दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा गुणाबाईनं तिला बसवलं, चहा दिला आणि विषय काढू दिला नाही. दुसरी धवलारीण आणायची तर ती पार कर्नाळ्याच्या पलीकडून, आणि तिला यांच्या घरातल्या पूर्वजांची नावंही ठाऊक नव्हती. गुणाबाईनं काशीरामच्या आईची हळद गायली होती, त्याची स्वतःची गायली होती. वेणूनं बापाला सरळ सांगितलं की गुणाआजी येणार नसेल तर मला हळदच नको. काशीरामला ते तीनदा सांगावं लागलं. कान तोवर जवळजवळ गेलेच होते.

शेवटी मी गेलो. गुणाबाई ओटीवर सुकट निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. कान, क्लॅरनेटची खूण, मावसभाऊ, वडे. वडे ऐकून तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीत जायच्या बेतात होतो. हातातली सुकट तिनं सुपात टाकली. मग म्हणाली की हे त्यानं मला सांगायला हवं होतं. तू का सांगतोयस? त्याला सांगू दे.

मी तसाच काशीरामच्या घरी. त्याच्या उजव्या कानाला तोंड लावून ओरडून सांगितलं. तो नाही म्हणाला. मी शिव्या घातल्या, त्या त्याला ऐकू आल्या नाहीत, म्हणून पुन्हा घातल्या. तो मान हलवत राहिला. हौसा चुलीपाशी बसली होती. शेवटी वेणू उठली आणि बापाच्या समोर बसली, त्याला ओठ दिसतील अशी.

"बा, तुला नाव आयकाचा होता ना माज्या हलदीला?" ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली.

"मंग जा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मिठागरातून माणसं घरी परतायच्या वेळी, काशीराम गुणाबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मी बरोबर होतो. सबंध आळी आपापल्या ओटीवर होती. बहिरं माणूस किती मोठ्यानं बोलतं ते त्याला स्वतःला कळत नाही. ही गोष्ट त्यानं दोन वर्षं जिवापाड लपवली होती आणि त्याला ती अगदी हळू सांगायची होती. तो ओरडला.

"गुनाबाय, मना आयकू येत नाय. दोन वर्सा झाली. त्या दिसाला मना तुजा धवला आयकूच आला नाय."

खाडीवरचे बगळेसुद्धा उडाले असतील. आळीतल्या एकाही माणसानं दचकून बघितलं नाही. कुणी पायांवर पाणी घेत होतं ते घेत राहिलं, कुणी पोराला भरवत होतं ते भरवत राहिलं. सगळ्यांना ठाऊक होतं. हे त्याच्या लक्षात आलं आणि तो इकडेतिकडे बघायला लागला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. गुणाबाई उठली, अंगणात आली आणि काहीतरी बोलून आत गेली. ती वळून बोलली होती, त्याला ओठ दिसले नव्हते. त्यानं मला विचारलं, काय बोलली. मी सांगितलं, ती येतेय. आणि म्हणाली, एवढा मोठा झाला तरी मेल्याला बोलायला वेळ लागतो.

चैत्रातली हळद. दुपारची उन्हं उतरली होती. दारापुढे मांडव, मांडवात तांदळाच्या पिठानं गुणाबाईनं स्वतः काढलेला चौक, चौकात पाट, पाटावर वेणू. आम्ही बँडवाले कडेला. ढोल त्या दिवशी ताशेवाल्याच्या भावाकडे दिला होता, आणि काशीराम नवं धोतर नेसून मुलीशेजारी बसला होता, त्याला जसं हवं होतं तसं. फक्त कान नव्हते. गेल्या महिन्यात उजवाही गेला होता. त्याला आता आमचा बँड म्हणजे नुसते फुगलेले गाल.

गुणाबाईनं श्वास घेतला. बँड थांबला. धवला सुरू झाला. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आवाज तसाच, सरळ मांडवाच्या आढ्याला भिडणारा. देव झाले. पूर्वज सुरू झाले. काशीराम तिच्या ओठांकडे टक लावून बघत होता, आणि मला दिसलं की तो हरवलाय. गुणाबाई तोंडात विड्याची सुपारी ठेवून गायची, ओठ जेमतेम हलायचे. बोलताना तिचे शब्द ओठांवरून कळायचे, गाताना नाही. तो एकदा तिच्याकडे, एकदा वेणूकडे बघत होता, की बाबा आलं का माझं नाव? गेलं का? त्याच्या कपाळावर घाम आला होता. वेणूनं त्याचा हात घट्ट धरला आणि तिला रडू फुटलं.

गुणाबाई गाता गाता थांबली. स्वतःहून. धवला मधेच तुटलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला होता आणि तो माझ्याच पापानं.

"ढोल आना हिकडं," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. चौकात चामड्याची वस्तू येत नाही, हे तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. एक म्हातारी पुटपुटली की विटाळ होईल. गुणाबाई तिच्याकडे वळली.

"वीस हात लांब असला तरी मी गाते तवा तो ढोल घुमतो. चौदा वर्सा मी त्याच्यावर चिडते हाय. आज घुमू दे त्याला. हलद माजी, चौक माजा. आना."

मी आणि ताशेवाल्यानं ढोल उचलून चौकात आणला आणि उभा ठेवला. एका बाजूचं चामडं काशीरामकडे, दुसऱ्या बाजूचं गुणाबाईकडे. तिनं खुणेनं त्याला सांगितलं, हात ठेव. त्यानं दोन्ही तळवे चामड्यावर टेकले. या हातांनी त्यानं त्या ढोलाला चौदा वर्षं बडवलं होतं, त्यावर नुसता हात ठेवून तो कधी बसला नव्हता. गुणाबाई खाली मांडी घालून बसली, सुपारी थुंकली, दुसऱ्या बाजूच्या चामड्याला जवळजवळ ओठ लावले, आणि धवला पहिल्यापासून सुरू केला.

आम्हाला तो आता नीट ऐकू येत नव्हता. तिचा आवाज ढोलात जात होता, बाहेर नुसता घुमारा येत होता. मांडवातली माणसं पुढे सरकली, कान देऊ लागली. मी अगदी जवळ होतो म्हणून मला शब्द कळत होते. काशीरामनं डोळे मिटले. देव झाले, पूर्वज झाले, मामा झाला. काशीरामची टाच हळूहळू जमिनीवर पडायला लागली, मिठागरात पडायची तशी. शंभर हळदींमध्ये तो या धवल्याच्या शेवटाची वाट बघत उभा राहिला होता. धवल्याच्या मापात कुठे काय येतं हे त्याच्या अंगात होतं. मामाच्या नावानंतर तीन ठोक्यांची जागा. मग बापाचं नाव, तिथे आवाज लांबतो.

आवाज लांबला. काशीरामची टाच थांबली. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि वेणूनं हळदीचा हात तसाच त्याच्या गालाला लावला. हौसा मांडवाच्या खांबाआड तोंडाला पदर लावून उभी होती. मला पुढचं नीट दिसलं नाही. क्लॅरनेटवाल्यानं रडायचं नसतं, ओठ बिघडतात, असं दाजी म्हणायचे. दाजी स्वतःच रडत होते.

धवला संपला. आता पहिला ठोका ढोलाचा, तो आमचा नियम. पण ढोलावर काशीरामचे हात होते आणि ते काढा असं कुणी म्हणेना. बँड वाट बघत उभा राहिला. मला वाटतं, आमच्या बँडच्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब थांबणं असेल. शेवटी काशीरामनं डोळे उघडले आणि मला जवळ बोलावलं. मी वाकलो. त्याला ते माझ्या कानात सांगायचं होतं, पण सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"दया, दोनदा घेतला तिनी माजा नाव."

धवल्यात बापाचं नाव एकदाच घेतात. कुठल्याही धवल्यात, कुठल्याही घरी, एकदाच. तीच ओळ ती पुन्हा वळून गायली होती, हे फक्त मी ऐकलं होतं, मी जवळ होतो म्हणून.

मी त्याला दिसेल अशी दोन बोटं वर केली आणि मान डोलावली. हो, दोनदा.